चाल तीच, चालणं आपलं

बॅण्डमध्ये बेस वाजवणारा माणूस बहुतेक वेळा बेस वाजवायला आलेलाच नसतो. त्याला वाजवायची असते गिटार. पण गिटारवाले आधीच दोन झालेले असतात, मग कुणीतरी म्हणतं, "अरे, याला चारच तारा आहेत, सोप्पंय!" आणि ते लांबलचक धूड बिचाऱ्याच्या गळ्यात पडतं. ऑफिसात नाही का, 'तुझं अक्षर छान आहे' म्हणत मीटिंगची मिनिट्स कायम एकाच्याच गळ्यात पडतात, सेम टू सेम.

मग सुरू होतो वीकेंडचा सिलसिला. तासाच्या भाड्याने घेतलेली जॅमरूम, कुबट वासाचा एसी, एक कायम उशिरा येणारा ड्रमर. यादीत तीच लाडकी गाणी: बीटल्स, फ्लॉइड, हेण्ड्रिक्स, ईगल्स. गिटारवाला सोलो घरून घोटून आलेला. गायकाने ॲक्सेंटसकट तयारी केलेली. आणि बेसवाला? तो कॉर्डचा पहिला स्वर धरून धडधडधडधड. एक्स्प्रेसवेवरच्या ट्रकसारखा, एकाच गिअरमध्ये.

ॲन्युअल डेला काय होतं ते तुम्हाला माहितीय. लोक गाणं ओळखतात, पहिल्या ओळीला शिट्ट्या मारतात आणि दुसऱ्या कडव्याला मोबाइल काढतात. सूर बरोबर, कॉर्ड बरोबर, सोलो नोट टू नोट बरोबर. फक्त एकाचाही पाय हलत नाही.

मंडळी, पाय हलवणं हे खातं बेसवाल्याचं. (किंवा बेसवालीचं. हल्ली त्याही सॉलिड वाजवतात.) आज त्या खात्याबद्दल बोलू.

तीन कॉर्ड, पन्नास फेऱ्या

उदाहरणाला एकच गाणं घेऊ, म्हणजे घोळ नको. 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'. तुमच्या यादीत ते नक्की असणार, कारण गिटारवाल्याला तो सोलो सोडवत नाही.

गाणं बॉब डिलनचं. 1967च्या नोव्हेंबरमध्ये नॅशव्हिलला रेकॉर्ड झालं आणि डिसेंबरच्या शेवटी 'जॉन वेस्ली हार्डिंग' या अल्बममध्ये आलं. त्यात वाजवणारे किती? तीन. डिलनची ॲकॉस्टिक गिटार आणि हार्मोनिका, चार्ली मॅककॉयचा बेस, केनी बट्रीचे ड्रम्स. अडीच मिनिटांत खेळ खल्लास.

आता गंमत बघा. या गाण्याला वेगळा कोरस नाही, वेगळा अंतरा नाही. तीन कॉर्ड फिरून फिरून येतात. सोप्या पट्टीत सांगायचं तर ए मायनर, जी, एफ आणि पुन्हा जी. प्रत्येकाला दोन-दोन मात्रा. झाल्या आठ. पुन्हा पहिल्यापासून. शेवटपर्यंत हेच.

जिमी हेण्ड्रिक्सने हे गाणं लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत रेकॉर्ड करायला घेतलं ते 21 जानेवारी 1968 रोजी. डिलनचा अल्बम येऊन महिनासुद्धा झाला नव्हता! त्याचं व्हर्जन चार मिनिटांचं. म्हणजे आठ मात्रांचं ते आवर्तन पन्नासच्या वर वेळा फिरतं. गिटारवाल्याला मधे सोलो आहेत, गायकाला शब्द आहेत. बेसवाल्याकडे काय? त्याच आठ मात्रा, पन्नासच्या वर वेळा. तुमच्यातला बेसवाला कच्चा की पक्का, ते इथे पंधराव्या फेरीपर्यंत कळतं.

जो खोलीतून निघून गेला

या रेकॉर्डिंगची एक गोष्ट सगळ्या बेसवाल्यांनी उशाशी घेऊन झोपावी अशी आहे.

हेण्ड्रिक्सच्या बॅण्डचा बेसिस्ट होता नोएल रेडिंग. हाही मूळचा गिटारिस्ट. 1966 मध्ये गिटारवाल्याच्या जागेसाठी ऑडिशन द्यायला आला आणि हातात बेस घेऊन परतला. (बघा, तुम्ही एकटे नाही.) 'वॉचटॉवर'च्या सेशनला त्याचं बिनसलं आणि तो स्टुडिओतून चक्क निघून गेला. ड्रम्सवर मिच मिचेल होता. ट्रॅफिक बॅण्डचा डेव्ह मेसन बारा तारांच्या ॲकॉस्टिक गिटारवर होता. बेसची जागा रिकामी. शेवटी त्या गाण्याचा बेस वाजवला स्वतः हेण्ड्रिक्सने.

गिटारवाल्याने बेस वाजवला म्हटल्यावर आपण काय समजू? सोलोच मारणार खाली. पण तसं नाही झालं. हेण्ड्रिक्स स्टार होण्याआधी कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या मागे उभा राहून वाजवत होता. आयस्ली ब्रदर्स, लिटल रिचर्ड, अशा नाचवणाऱ्या मंडळींच्या मागे. तिथे समोरची पब्लिक नाचली नाही तर नोकरी जाते. त्यामुळे ठेका कशाला म्हणतात हे त्याच्या बोटांना माहीत होतं. त्याचा 'वॉचटॉवर'चा बेस हेडफोन लावून फक्त बेससाठी ऐका. तो कॉर्डचा मूळ स्वर सोडून लांब भटकत नाही, पण एका जागी खुंटीसारखा उभाही राहत नाही. वर गिटार काय वाट्टेल ते बोलत असते, खाली हा गाण्याला पुढे ढकलत असतो.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. अमेरिकेच्या चार्टवर गाणं विसाव्या नंबरपर्यंत गेलं. हेण्ड्रिक्सचं एकही सिंगल तिथे त्याच्या वर गेलं नाही. आणि खुद्द डिलन? 1970 मध्ये हेण्ड्रिक्स गेला. त्यानंतर डिलन आपलंच गाणं स्टेजवर हेण्ड्रिक्सच्या वळणाने वाजवू लागला. पुढे तर हेच त्याने स्टेजवर सर्वांत जास्त वेळा गायलेलं गाणं ठरलं, दोन हजारांच्या वर वेळा. म्हणजे ज्याचं गाणं त्यानेच कव्हरची नक्कल केली. याहून मोठा रिव्ह्यू कुठला!

थोडक्यात काय, तर 'कव्हर' म्हणजे झेरॉक्स नव्हे. चाल तीच ठेवायची, पण चालणं आपलं. आणि गाणं चालतं ते बेसच्या पायांवर.

केरव्यातला 'क'

आता मुद्द्याचं. 'ग्रूव्ह' म्हणजे नक्की काय? यूट्यूबवर शोधाल तर अंगठ्याने फटाफट स्लॅप मारणारे पाचशे व्हिडिओ मिळतील. नवशिक्या बेसवाल्याची तिथेच फसगत होते. त्याला वाटतं, जास्त स्वर म्हणजे जास्त ग्रूव्ह. मग तो कडव्यात घुसतो, सोलोत घुसतो, गायकाच्या श्वासातसुद्धा घुसतो.

त्यापेक्षा आपल्या घरचं उदाहरण घ्या. केरवा. शाळेच्या गॅदरिंगपासून गणपतीच्या आरतीपर्यंत अंगात भिनलेला ठेका. धा गे ना ती, ना क धी ना. इथेही मोजून आठच मात्रा! यात डग्गा कुठे कुठे घुमतो ते बघा. 'धा'ला घुमतो, 'गे'ला घुमतो, 'धी'ला घुमतो. 'ना' आणि 'ती'ला गप्प. आणि 'क'ला? 'क'ला हात पडतो, पण नाद उठत नाही. नुसता चपटा, बंद आवाज. आठ मात्रांत डग्गा खऱ्या अर्थाने तीनदाच बोलतो आणि तरी अख्खी आळी डुलते.

बेसवाल्याचं सगळं शास्त्र या केरव्यात आहे, बॉस. बेस हा बॅण्डचा डग्गा. घुमायचं कधी, गप्प कधी राहायचं आणि 'क' कधी मारायचा, एवढंच ठरवायचं असतं. तो 'क' बेसवरही आहे. डाव्या हाताची बोटं तारेवर नुसती टेकवायची, दाबायची नाहीत, आणि उजव्याने तार छेडायची. सूर नाही, फक्त 'टक्'. याला घोस्ट नोट म्हणतात. ऐकणाऱ्याला ती वेगळी ऐकू येत नाही, पण काढून टाकली की गाणं लंगडतं.

या कलेचा बादशहा म्हणजे डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीचा जेम्स जेमरसन. साठच्या दशकातली मोटाऊनची ढीगभर हिट गाणी त्याच्या बेसवर उभी आहेत. वाजवायचा उजव्या हाताच्या एकाच बोटाने. त्या बोटाला नावच पडलं होतं 'द हुक'. तारा गुळगुळीत, जाड आणि जुन्या. त्या बदलायचा त्याला भारी कंटाळा. त्याच्या बेसच्या ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा असायचा, त्यामुळे स्वर लांबत नसे, 'डुम्' करून मिटायचा. आणि तो मिटलेला क्षण हाच ग्रूव्ह! पुढच्या स्वराला जागा मोकळी झालेली असते ना. पॉल मॅकार्टनी आणि लेड झेपलिनचा जॉन पॉल जोन्स, दोघांनीही त्याचं ऋण मान्य केलंय. म्हणजे ज्या क्लासिक रॉकची आपण कव्हर्स करतो, त्याच्या बेसमध्ये मोटाऊनचं पाणी आधीच मुरलेलं आहे. तुम्ही रॉक गाण्यात ग्रूव्ह आणता तेव्हा बाहेरचा मसाला टाकत नसता, घरातलाच डबा उघडत असता.

वाईट एवढंच की साठच्या दशकात मोटाऊनच्या रेकॉर्डवर वादकांची नावंच छापत नसत. अख्खी दुनिया जेमरसनच्या बेसवर नाचली आणि तिला त्याचं नाव माहीत नव्हतं. 1983 मध्ये तो गेला. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली ती 2000 साली.

चला, बेस उचला

आता 'वॉचटॉवर'च्या त्या आठ मात्रा घेऊ आणि एक साधी लाइन बांधू. पट्टी ए मायनर.

पहिल्या मात्रेला ए. जाड तारेच्या पाचव्या पडद्यावर वाजवा, मोकळी तार नको. मोकळी तार घुमत राहते. दाबलेल्या तारेवरचं बोट जरा सैल केलं की स्वर हवा तिथे तोडता येतो. आणि तोडायचा आहेच. दुसऱ्या मात्रेला ड्रमरचा स्नेअर पडतो, त्याच्या आत तुमचा ए संपलेला हवा. स्नेअर स्वच्छ, एकटा ऐकू आला पाहिजे. ग्रूव्हचं अर्धं काम इथेच झालं, खरं सांगतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेच्या मधे, म्हणजे अडीचवर, एक 'क'. तिसऱ्याला जी, हा जरा लांबवा. पाचव्याला एफ आणि साडेपाचवर त्याचाच वरचा एफ, मधली एक तार सोडून, तिसऱ्या पडद्यावर. सहाव्याला पुन्हा गप्प, स्नेअरला वाट द्या. सातव्याला जी, आठव्याला जी आणि साडेआठवर जी शार्प. तो जी शार्प एकटा ऐकला तर बेसूर वाटेल. वाटू द्या. तो पुढच्या ए कडे असा काही ओढतो की सम आल्यावर मान आपोआप खाली जाते.

झाली लाइन. स्वर किती? डझनभरसुद्धा नाहीत. आता ही पन्नास वेळा वाजवायची, न बदलता. खरी परीक्षा ही. दहाव्या फेरीला बोटं शिवशिवतील, काहीतरी भारी करून दाखवावंसं वाटेल. थांबा. समोरच्याचं शरीर दोन-तीन फेऱ्यांनंतर ठेक्यावर विश्वास ठेवू लागतं. तुम्ही दर फेरीला नवीन काही केलंत तर तो विश्वासच बसत नाही. चार-आठ फेऱ्यांतून एकदा, गायकाची ओळ संपल्यावर, दोन-तीन स्वरांची छोटी करामत पुरे. जेवणात लोणचं असतं तेवढीच.

आणि किकशी लग्न लावा. ड्रमरचा पाय जिथे पडतो तिथे तुमचं बोट. गाणं सुरू करण्याआधी पाच मिनिटं फक्त तुम्ही दोघं वाजवा. गिटारवाल्याला तोवर चहा सांगायला पाठवा. त्या पाच मिनिटांत जे जमतं ते दहा तासांच्या एकट्या रियाजात जमत नाही.

हात कुठे लावायचा नाही

आता लगेच सगळ्या गाण्यांचा बेस बदलायला निघू नका, प्लीज. काही गाण्यांत बेसची लाइन हाच मुखडा असतो. पिंक फ्लॉइडचं 1973चं 'मनी' घ्या. रॉजर वॉटर्सची ती सात मात्रांची लाइन बदललीत तर उरलं काय? क्वीनचं 1980चं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' तसंच. जॉन डीकनची ती लाइन शिकच्या 1979 मधल्या 'गुड टाइम्स'मधल्या बर्नार्ड एडवर्ड्सच्या बेसवरून सुचलेली. पण काय रुबाबात स्वतःची करून टाकली! तिला हात लावला तर पब्लिक माफ करणार नाही, आणि करूही नये.

साधी कसोटी आहे. चारचौघांना ते गाणं गुणगुणायला सांगा. ते बेस गुणगुणायला लागले तर तो जसाच्या तसा वाजवा. गिटारचा रिफ किंवा गायकाची ओळ गुणगुणली तर खालचं मैदान तुमचं.

आणि मैदान किती मोठं असू शकतं ते बघायचं असेल तर जो कॉकर ऐका. 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' हे 1967चं बीटल्सचं गाणं, रिंगो स्टारने गायलेलं, चार मात्रांत टुणुकटुणुक चालणारं. कॉकरने 1968 मध्ये त्याचा वेग पार उतरवला आणि त्याला सहाच्या झोक्यात टाकलं. आपल्या भाषेत केरव्याचा दादरा केला म्हणा ना. चाल ओळखू येते, पण गाणं हसरं होतं ते आर्त झालं. ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं आणि 1969 मध्ये वुडस्टॉकला कॉकरने ते गायलं, तेव्हापासून निम्म्या लोकांना ते त्याचंच वाटतं.

गायक चिडला तर

एक प्रॅक्टिकल अडचण. तुम्ही छान लाइन बांधून आणाल आणि गायक म्हणेल, "ओरिजिनलसारखं नाही वाटत." गिटारवाला मान हलवेल. अशा वेळी वाद घालू नका, तोंडी सांगून ग्रूव्ह कुणाला पटलेला नाही. तेच गाणं दोनदा वाजवा. एकदा धडधड, एकदा तुमची लाइन. फोनवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यांना ऐकवा. ऐकताना त्यांच्या तोंडाकडे पाहू नका, बुटांकडे पाहा. बूट खोटं बोलत नाहीत.

आणि तरी नाही पटलं तर? तर या शनिवारी धडधड वाजवा, पुढच्या शनिवारी पुन्हा विचारा. रेडिंगचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये, प्रत्येक टीममध्ये अशी एक संध्याकाळ येतेच, जेव्हा बॅग उचलून निघून जावंसं वाटतं. पण हेही खरं, की तो गेला म्हणून गाणं थांबलं नाही. त्या गाण्याच्या बेसवर आज दुसऱ्याची बोटं ऐकू येतात, एवढंच. आपल्या आठ मात्रा आपल्याच बोटांनी वाजाव्यात असं वाटत असेल, तर आधी खोलीत असावं लागतं.

या शनिवारी करून पाहा

एक: 'वॉचटॉवर' हेडफोनवर तीनदा ऐका. एकदा फक्त किक, एकदा फक्त बेस, एकदा दोन्ही.

दोन: ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा खोचा. जेमरसनचा 'डुम्' फुकटात. तार आवळून धरेल इतका जाड नको.

तीन: मेट्रोनोम लावा, पण त्याचा ठोका फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असं समजून वाजवा. पहिली दहा मिनिटं शिव्या द्याल, मग स्नेअर ऐकू यायला लागेल.

चार: अख्खी लाइन आधी तोंडाने म्हणा, 'क' सकट. जी तोंडाने डुलत नाही ती बोटांनीही डुलणार नाही.

पाच: गाणं रंगात आलं की एका आवर्तनासाठी वाजवणं पूर्ण बंद करा. मुद्दाम. पायाखालची फरशी काढल्यासारखे सगळे वळून तुमच्याकडे बघतील, गायकसुद्धा. आठ मोजा आणि बरोबर समेवर या. "सोप्पंय, चारच तारा आहेत" असं म्हणणाऱ्या त्या मित्राचं तोंड त्या क्षणी नक्की पाहून घ्या!